तीन थापा, दोन टोले

त्या गल्लीत दोन रेडिओ होते. एक सलूनच्या फळीवरचा. तो बिघडून कैक वर्षं झाली होती आणि त्याच्यावर आता धुतलेले कंगवे वाळत पडत. दुसरा सलूनचा मालक. हा मात्र कधी बिघडला नाही. शटर वर गेलं की सुरू आणि शटर खाली आलं की बंद, असं लोक म्हणत. बायको म्हणे, घरी येऊन बघा एकदा.

खरं नाव पाटीवर होतं, पण पाटीकडे बघतो कोण! गल्ली त्याला रेडिओच म्हणे आणि त्यालाही ते आवडे. गिऱ्हाइकाच्या गालाला साबणाचा फेस लागला, म्हणजे त्याचं तोंड बंद झालं, की रेडिओचं सुरू होई. कुणाच्या घरी पाळणा हलणार, कुणाची बदली झाली, कुणाचं कुत्रं कुणाला चावलं आणि त्यात कुत्र्याची कशी काही चूक नव्हती. दाढी वाढली नसतानाही माणसं येऊन बाकावर बसत.

अशा या माणसाचं जगात एकाच माणसाशी बोलणं बंद होतं, आणि तो नेमका समोर राहत होता.

तो म्हणजे सुतारमामा. रेडिओच्या बायकोचा थोरला भाऊ आणि त्याच्याही आधी रेडिओचा लहानपणापासूनचा जिवलग. खाली त्याचं सुतारकामाचं दुकान, वर पत्र्याच्या छपराची एक खोली. एकटा जीव. लग्न का केलं नाही असं विचारलं, तर म्हणे, करवतीच्या आवाजात कुणाचं ऐकूच आलं नाही. मुलगी रेडिओची, पण वाढली ती मामाच्या खांद्यावर. सलूनमधला बाकही मामानेच करून दिलेला.

बिनसलं ते त्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी. सकाळी मामा दाढीला बसला. मामाची मिशी म्हणजे गल्लीची शान, लहान पोरं तिला हात लावायला मागत. रेडिओ आनंदात होता, म्हणून नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. पाहुण्यांची रांग कुठून कुठवर लागणार, हे तो हाताने दाखवायला गेला, आणि त्याच हातात वस्तरा होता. डावी मिशी गेली. मग उजवीही काढावी लागली. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मामा बिनमिशीचा उभा आहे, खिसा कापला गेल्यासारखा चेहरा करून.

"हाताने काम करावं, तोंडाने नाही," मामा म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं. पण रेडिओच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "तुझा बाक तरी कुठे सरळ आहे? पहिल्या दिवसापासून डुगडुगतोय."

"बाक सरळ आहे. तुझी जमीन वाकडी आहे."

झालं. त्या दिवसापासून दोघांतून विस्तव जाईना. मामाने शपथ घेतली की पुन्हा कुणाच्या कात्रीखाली मान द्यायची नाही. मिशी परत आली, तिच्यामागून दाढी आली, केस खांद्यावर उतरले. रेडिओने बाकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि बाक आहे तिथेच ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर अजून सुंभ जळायचाही होता.

गंमत अशी, की सलूनच्या आरशात समोरची खिडकी दिसे. गिऱ्हाइकाचे केस कापताना रेडिओला मामा उलटा दिसायचा. मामा उठला, मामा खोकतोय, मामा आज शर्ट उसवलेलाच घालून बसलाय. मान वळवून त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि आरशात पाहिल्याशिवाय त्याचा एक दिवस गेला नाही. याला भांडण म्हणायचं तर म्हणा.

उन्हाळा पूर्वीही असायचा, पण पूर्वी तो येऊन जायचा. अलीकडे तो न बोलावलेल्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकू लागला होता. दर वर्षी लवकर येई, उशिरा जाई आणि रात्रीही पंखा मागे. आदल्या वर्षी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या स्वेटरवाल्या आजी त्याच उन्हाळ्यात गेल्या. खोलीचं दार बरेच दिवस बंद होतं. गल्लीला वाटलं, मुलाकडे गेल्या असतील. मुलाला वाटलं, गल्ली आहे बघायला. साऱ्या गल्लीची खबर ठेवणाऱ्या रेडिओला ही खबर सगळ्यांबरोबरच कळली, आणि खुर्चीत बसलेल्या एकाही गिऱ्हाइकाला त्याने ती कधी सांगितली नाही.

म्हणून या वर्षी उन्हं तापायच्या आधीच सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सभा घेतली. तीही सलूनमध्ये, कारण माणसं आयती तिथेच सापडत. बाई बुटक्या, आवाज मात्र पहाडी. त्या म्हणाल्या, "ऊन काही आपल्याला विचारून कमी होणार नाही. आपणच शहाणं व्हायचं." आणि मग सगळी गल्ली कामाला लागली. वेल्डिंगवाल्याने दोन्ही बाजूच्या भिंतींना कड्या ठोकून गल्लीवर हिरवं कापड ताणलं. छपरांना पांढरा रंग लागला. रंग मामाच्या छपरापर्यंत येऊन संपला, तेव्हा मामा म्हणाला, माझं नंतर बघू. वाचनालयाची खालची खोली अर्धी जमिनीत आणि जाड भिंतींची; ती दुपारी सगळ्यांना बसायला उघडी ठेवायचं ठरलं. वाचनालयाच्या किल्ल्या रेडिओच्या बायकोकडे होत्या. ती तिथे झाडलोट करायची आणि आता बजावू लागली की पुस्तकांवर कुणी ओल्या डोक्याने टेकायचं नाही.

शेवटचं काम दारं वाजवण्याचं. एकटं राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं दार कुणीतरी सकाळी आणि दुपारी वाजवायचं. नर्सबाईंनी नियम सोपा केला. "ज्याला ज्याची खिडकी दिसते, त्याने त्याचं दार वाजवायचं. तोंड बघायचं आणि समोर ग्लासभर पाणी प्यायला लावायचं."

बाकावरचे सगळे रेडिओकडे बघू लागले.

"मला काही कुणाची खिडकी दिसत नाही," रेडिओ म्हणाला. "माझी पाठ असते तिकडे."

"आरशात दिसते की!" बायको दारातून म्हणाली. "काल मला कोण म्हणालं, तुझ्या दादाचा शर्ट उसवलाय म्हणून?"

सलूनभर हशा पिकला. घरी गेल्यावर बायकोने त्याची बिनपाण्याने केली. ती म्हणाली, "तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा. भाऊ मला एकच आहे. त्याला काही झालं, तर मग मीही तुमच्याशी बोलणार नाही." ही धमकी रेडिओला झेपणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो जिना चढून गेला. दारासमोर उभा राहिला. काय म्हणायचं? त्याने काहीच न म्हणता तीन थापा मारल्या. आतून जमिनीच्या फळीचा करकर आवाज झाला, खोकला आला, मग "आला वाटतं भोंगा" असं पुटपुटणं ऐकू आलं, आणि मग दाराच्या आतल्या बाजूने दोन टोले. टॉक टॉक. दार काही उघडलं नाही.

रेडिओ खाली आला, खुश होऊन. एकही शब्द न बोलता काम झालं होतं. त्याच्या तीन थापा, मामाचे दोन टोले; ना याची मान खाली, ना त्याची. नर्सबाई विचारत, "तोंड बघितलंत ना?" तर हा म्हणे, "बघितलं," आणि मनात म्हणे, आरशात. पाणी प्यायला लावलं का, याला तो एवढ्या जोरात मान हलवी की बाईंना पुढे विचारायचं सुचत नसे. हळूहळू गल्लीलाही त्या आवाजाची सवय झाली. थापा ऐकून वेल्डिंगवाला म्हणे, "चला, गप्पा झाल्या दोघांच्या."

उन्हाळा चढत गेला. मध्येच केव्हातरी करकर बंद झाली. खोकला नाही, पुटपुटणं नाही. रेडिओने थाप मारली की लगेच आतून टॉक टॉक. मामा दाराशी वाट बघत उभा असतो की काय, असं त्याला वाटलं आणि त्या विचाराने तो जरा सुखावला, खोटं कशाला सांगा.

मग तो दिवस उजाडला. सकाळपासून वीज गेलेली. हिरव्या कापडाखालीसुद्धा हवा हलत नव्हती, आणि वस्तऱ्याचं पातं हाताला गरम लागत होतं. बरीचशी गल्ली वाचनालयात जाऊन बसली होती. दुपारी रेडिओ जिना चढला, तीन थापा मारल्या. टॉक टॉक. तो खाली आला, खुर्चीत बसलेल्या वेल्डिंगवाल्याच्या मानेवर कंगवा ठेवला आणि आरशात बघितलं.

खिडकीत रोज दुपारी ओली चादर लटकलेली असे. आज ती होती, पण वाळून कडक झाली होती. मामा वाळलेली चादर खिडकीत ठेवणारा माणूस नव्हता. तो दुपारभरात तिला तीनदा भिजवायचा आणि तिचं पाणी मुद्दाम सलूनच्या दिशेने पिळायचा.

"थांब हं," रेडिओ म्हणाला, आणि कंगवा तसाच हातात घेऊन पुन्हा वर गेला.

थापा. टॉक टॉक. लगेच.

त्याने कान दाराला लावला. फळी वाजली नव्हती. जुनी फळी ती, मांजर चाललं तरी करकरायची. मग दाराशी कोण चालत आलं?

रेडिओने घसा खाकरला. इतक्या वर्षांनी बोलायचं म्हणजे घसा खाकरायलाच हवा. "अरे ए."

टॉक टॉक.

"बरा आहेस का?"

टॉक टॉक.

"दार उघड जरा."

टॉक टॉक. दार बंदच.

रेडिओने दार ढकलून पाहिलं. त्याला एकच गोष्ट सुचली. तो ओरडला, "सुतारा, तुझं रंधाकाम म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखं असतं!"

हे ऐकून खरा मामा दार फोडून बाहेर आला असता. आतून फक्त टॉक टॉक आलं, तेही जरा हळू.

"तुझा बाक सरळ आहे!" आता रेडिओचा आवाज चिरकला. "ऐकलंस का? बाक सरळ आहे, जमीनच वाकडी आहे! मी खोटं बोललो होतो!"

टॉक. या वेळी एकच.

त्याने दाराला खांद्याने धडक दिली. पण दार मामाने स्वतः केलेलं होतं, एकसंध सागवानाचं. खांदा दुखला, दार जागचं हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच रेडिओने त्या सुताराच्या चांगल्या कामाला शिव्या दिल्या. मग तो जिन्याच्या कठड्याशी आला, छाती भरून हवा घेतली, आणि असा ओरडला की वाचनालयाच्या तळघरातले डुलक्या घेणारे म्हातारे उठून बसले.

"मामा उठत नाहीये! शिडी आणा!"

त्या आवाजाला गल्ली ओळखत होती, पण त्यात कधी भीती ऐकली नव्हती. वेल्डिंगवाला गळ्याला सलूनचं कापड बांधलेलं असतानाच धावला, डोकं अर्धं कापलेलं. चौघांनी हिरव्या कापडाच्या कड्या सोडल्या, शिडी खिडकीला लागली, आणि वेल्डिंगवाला आत उतरून दार उघडायला गेला. दार उघडलं तेव्हा सगळ्यांना ते दिसलं.

दाराच्या आतल्या बाजूला एक छोटी लाकडी हातोडी टांगलेली होती. तिची दोरी वर कप्पीवरून खाटेपर्यंत गेली होती. काम इतकं सफाईदार, की बघत राहावं. खाटेवर मामा पडला होता, अंग विस्तवासारखं तापलेलं, डोळे अर्धवट, दोरीचं टोक मनगटाला बांधलेलं. गुडघे दुखतात म्हणून उठायचा त्रास वाचवायला त्याने हे यंत्र केलं होतं. शुद्ध हरपत चालली होती, तरी थाप ऐकली की हात दोरी ओढत होता. शहाण्या सुताराच्या हुशारीने त्याला जवळजवळ संपवलंच होतं, आणि तिला साथ होती एका बडबड्याच्या मुकेपणाची.

मग जो तो आपापल्या कामाला लागला, कारण सभेत सगळं ठरलेलं होतं. वेल्डिंगवाल्याने रुग्णवाहिकेला फोन केला. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याने बर्फ आणला. बायकोने सलूनमधले सगळे टॉवेल बादलीत बुडवून आणले, आणि भावाच्या मानेला, काखेत, मांडीपाशी ती बर्फ लावत राहिली. कुणीतरी मामाच्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावायला गेलं, तर तिने हात झटकला. "बाईंनी काय सांगितलंय? शुद्धीवर नसताना तोंडात पाणी घालायचं नाही! अंगावर घाला!" तेवढ्यात नर्सबाई धापा टाकत आल्या. त्यांनी नाडी बघितली, पापणी वर करून बघितली आणि म्हणाल्या, "वारा घाला. आणि कुणीतरी यांच्याशी सारखं बोलत राहा. झोप लागू देऊ नका."

सगळी खोली रेडिओकडे वळली.

"यांना बोलायला काय वेगळं सांगायला हवं?" बायको रडता रडता म्हणाली.

रेडिओ खाटेशी बसला, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालू लागला, आणि त्याने सुरुवात केली. एवढ्या वर्षांचं साचलेलं सगळं. पोरीला मुलगा झाला आणि तो मामासारखाच हट्टी निघाला. कुत्र्याची चूक नव्हती. शेजारच्या गल्लीतला नवा सुतार दारं करतो, पण ती लागतच नाहीत. बाकाखालचा पुठ्ठा तीनदा बदलला, पण बाक टाकून द्यायचं एकदाही मनात आलं नाही. तुझी खिडकी मला रोज आरशात दिसते, गाढवा. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला तो थांबला नाही, कारण थांबायचं नाही असा हुकूम होता.

जिन्याखाली रुग्णवाहिका येऊन थांबली, तेव्हा मामाचे ओठ हलले. सगळे वाकले. एवढ्या वर्षांनी मामा रेडिओशी पहिला शब्द बोलला.

"पुरे."

"छान!" नर्सबाई म्हणाल्या. "माणूस ताळ्यावर येतोय."

मामा दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याचं छप्पर पांढरंशुभ्र झालं होतं. हातोडी दारावरून काढून बहिणीने खिडकीबाहेर भिरकावली होती आणि मामाने ती खाली जाऊन गुपचूप उचलून आणली. कारण काम चांगलं होतं. गल्लीचा नियमही बदलला. नुसत्या थापेवर आता कुणाचं भागत नसे. दार उघडायचं, तोंड दाखवायचं आणि निदान एक तरी तक्रार करायची. तक्रार नसेल तर नर्सबाईंना बोलवायचं.

आणखी एक हुकूम बाईंनी सोडला होता. हे डोक्यावरचं आणि तोंडावरचं रान आधी उतरवा.

मामा सलूनमध्ये आला आणि आधी बाकावर बसला. बाक डुगडुगला. त्याने वाकून पायाखालचा पुठ्ठा बघितला आणि हाताने पाय चाचपला.

"पाय थोडा आखूड आहे," तो म्हणाला. "उद्या बघतो."

रेडिओने खुर्ची झटकली. मामा खुर्चीत बसला. रेडिओने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस कापले, दाढीला फेस लावला, वस्तरा काढला. सलून भरलेलं होतं आणि सगळे श्वास रोखून बघत होते. रेडिओ मुका. गालावरून वस्तरा फिरला, हनुवटीखालून फिरला, मिशीपाशी आला आणि थांबला. आरशात समोरची खिडकी रिकामी होती. आरशातला मामा आता खुर्चीत होता, सरळ त्याच्याकडे बघत.

"काय झालं? आजारी आहेस का?" मामाने विचारलं.

"तूच म्हणालास ना, पुरे."

"ते तेव्हा."

"बोललो की माझा हात हलतो."

फेसाआडून मामाची मिशी जराशी हलली. "हलू दे," तो म्हणाला. "मिशी काय, परत उगवते. बोल तू."